तिसरीच्या वर्गात ॲलिस: परीकथेतून शब्द शिकवण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्या जूनपासून मी तिसरीच्या मुलांना इंग्रज लेखक लुईस कॅरॉल यांची, अद्भुत देशात जाऊन पोचलेल्या ॲलिस नावाच्या मुलीची कथा (‘ॲलिस इन वंडरलँड’) मराठीतून, माझ्या शब्दांत, आठवड्याला एक भाग याप्रमाणे सांगत आहे. मूळ पुस्तक १८६५ सालचे असून त्यावरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. त्यामुळे वर्गाला पेलेल असा मजकूर बेतणे आणि मूळ पुस्तकातील जॉन टेनिएल यांची चित्रे छापून भिंतीवर लावणे यांत काही अडचण येत नाही. मुलांची शब्दसंपत्ती वाढावी, एवढाच माझा हेतू होता.

या कथेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिच्यातील मापे. ॲलिससमोरचे दार पंधरा इंचांचे आहे. बाटलीतले पेय पिऊन ती दहा इंचांची होते, केक खाऊन नऊ फुटांहून उंच होते आणि सुरवंटाला भेटते तेव्हा जेमतेम तीन इंचांची असते. आमच्या मुलांजवळ या सगळ्यासाठी ‘बारकी’ आणि ‘मोठी’ असे दोनच शब्द होते. भिंतीवर खडूने ते दार आखले आणि हाताने मोजायला सांगितले, तेव्हा वीत आणि टीच हे शब्द आले. एका मुलीची आजी भातातले पाणी पेरांनी मोजते, म्हणून पेर हा शब्द तिच्या घरून आला, आणि सुरवंटापुढची ॲलिस तीन पेरांची ठरली. त्यामागोमाग ठेंगणी, खुजी, वीतभर, पुरुषभर हे शब्द सहज रुळले. ‘ॲलिस वाढू लागली’ असे मी म्हणताच एका मुलाने विचारले, “बाई, जेवायला?” त्या प्रश्नाने पूर्ण तास घेतला आणि तो सत्कारणी लागला, कारण रोप वाढते, थंडी वाढते आणि आई ताट वाढते, ही वाक्ये मुलांनी स्वतः शोधली.

पहिल्या महिन्यात माझी चूक झाली. प्रत्येक भागात मी दहा-बारा नवे शब्द घेत होते. कथा दर मिनिटाला थांबत होती आणि मुले माझ्याकडे पाहण्याऐवजी वहीत डोके घालून अर्थ उतरवत होती. शब्दसंपत्ती कशी शिकवावी याच्या अभ्यासक आयझॅबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे जे तीन स्तर सांगितले आहेत, त्यांतील मधला स्तर, म्हणजे रोजच्या बोलण्यात फारसे न येणारे पण अनेक विषयांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा भेटणारे शब्द, तेवढाच धरून मी चार शब्दांवर आले, आणि कथा पुन्हा वाहू लागली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी काहीही न सांगता जुने शब्द विचारले. ‘आविर्भाव’ आणि ‘विक्षिप्त’ या शब्दांचे मी केवळ अर्थ सांगितले होते. ते जवळपास कोणालाही आठवले नाहीत. शेवटच्या दोन प्रकरणांतील खटला आम्ही वर्गात उभा केला होता, त्यामुळे आरोप, साक्ष आणि पुरावा मात्र पक्के राहिले, आता खोडरबर हरवला तरी “पुरावा काय?” असे विचारले जाते. हसरे मांजर हळूहळू दिसेनासे होते, त्यासाठी मी ‘विरणे’ वापरले होते. डिसेंबरमध्ये एका सकाळी, वर्गात क्वचितच बोलणारा एक मुलगा खिडकीतून पाहत म्हणाला, “धुकं विरलं की डोंगर दिसेल.” मला त्या वाक्याचे मोल फार वाटते.

मर्यादाही सांगायला हव्यात. मूळ कथेतील कितीतरी गंमत इंग्रजी शब्दांच्या श्लेषांवर उभी आहे. उंदराची कहाणी आणि त्याची शेपटी यांचा इंग्रजीतला उच्चार सारखाच असल्याने होणारा घोटाळा मराठीत उरत नाही. असे प्रसंग मी गाळले, आणि राणीच्या खेळात ‘हार’ या शब्दाचे दोन अर्थ योजून थोडी भरपाई केली. कथेतली राणी सारखी शिरच्छेदाची फर्माने काढते, त्यांनी काही मुले घाबरली, तेव्हा प्रत्यक्षात कोणाचेच डोके उडवले जात नाही, हे कथेतच आहे, असे मी लगेच सांगितले. पहिलीच्या मुलांसाठी ही कथा मी निवडणार नाही. तिसरी आणि चौथीला मात्र ती योग्य वाटते.

तयारीला दर आठवड्याला दोन-तीन तास लागतात, आणि एक भाग चुकलेले मूल पुढच्या भागात हरवते. म्हणून गैरहजर मुलाला मागचा भाग सांगण्याचे काम आता मी त्याच्या शेजाऱ्याकडे देते आणि सांगताना फळ्यावरचे चारही शब्द वापरायला लावते.