पैलवानानं तालीम बदलली की पंचानं?

आनंदवाडी आखाड्याजवळ चहा घेताना वाद फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यतींवर घसरला. २०२५ला ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन मर्सिडीज संघ सोडून फेरारीत गेला. गाजावाजा केवढा! पण सोबत नेलं काय? हात आणि अनुभव. गाडी तिथलीच.

मार्सिन बुडकोव्हस्की मात्र नियम बनवणाऱ्या एफआयएतून २०१८ला रेनॉ संघाकडे गेला. सगळ्यांच्या गाड्यांची गुपितं ठाऊक असलेला माणूस. बाकीचे संघ चिडले ते उगाच नाही. मधे काही महिने सक्तीची रजा असते, पण पाहिलेलं डोक्यातून पुसतंय होय?

उलटी वाट मला पटते. फेरारीचा एकेकाळचा मुख्य डिझायनर निकोलस टोम्बाझिस २०१८ला एफआयएत आला. पळवाटा त्यालाच दिसणार.

मित्र कप ठेवत म्हणाला, "म्हणजे आपल्या तालमीचा पंच झाला तर चालतंय की रे!"