मांडवीवरचं पोकर टेबल: शेवटच्या पानाचं धाडस असेल तरच जा

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांपैकी एकावरचं हे टेबल. जेवण ठीक, डीजे असह्य, रेक, म्हणजे प्रत्येक डावातून कॅसिनो कापून घेतो तो हिस्सा, खिशाला चांगलाच बोचणारा. पण डीलर एक नंबर. कुणी कितीही वेळ विचार करत बसला तरी तोंडावर रेष हलत नाही. रिव्हरला, म्हणजे टेबलावरचं शेवटचं पान उघडल्यावर, मोठी बेट (पैज) टाकणाऱ्याला आणखी काय हवं?

बुधवारी रात्री समोर एक काका होते, फ्लॉपपासून, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडल्यापासून, नुसते कॉल करत (समोरच्याइतकेच पैसे लावत) आलेले. बोर्डवर, म्हणजे टेबलावरच्या उघड्या पानांत, तीन बदाम, माझ्याकडे बदामचा एक्का आणि बाकी शून्य. रिव्हरला काकांनी चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पाळी माझ्याकडे दिली. पॉट (मधे जमलेले पैसे) १२,००० चा, मी १८,००० सरकवले. पॉटच्या दीडपट ब्लफ (हातात काही नसताना लावलेली बेट) १०० पैकी ६० वेळा चालला तरच बरोबरी होते. पण एक्का माझ्या हातात, म्हणजे एक्क्याचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) काकांकडे असणं शक्यच नव्हतं. काकांनी चष्मा काढला, पुसला, चिप्स उचलल्या, परत ठेवल्या. शेवटी पानं पुढे ढकलली, "घे बाबा."

शनिवार-रविवारी मात्र हे विसरा. दोन पेग झालेला पर्यटक दुरीच्या जोडीवरही कॉल करतो. त्याच्यापुढे हात खरा असेल तेव्हाच मोठी बेट लावा, पैसे आपसूक येतात. पाचपैकी चार तारे, एक डीजेने खाल्ला.