श्वाल्बे मॅरेथॉन प्लस टायर: ठाणे ते बेलापूर रोज सायकल चालवून केलेला रिव्ह्यू

पहिलंच सांगते, रोज वीस-पंचवीस किलोमीटर सायकलने ऑफिसला जायचं मनात असेल तर नवी सायकल, महागडे गिअर वगैरे सगळं नंतर बघा, आधी टायर बदला. माझी साधी हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधली) सायकल आहे, मागे कॅरिअर, दोन्हीकडे मडगार्ड, आणि तिच्यावर केलेल्या सगळ्या खर्चात पुरेपूर वसूल झालेला खर्च म्हणजे हे श्वाल्बे मॅरेथॉन प्लस. पाचपाखाडी ते सीबीडी बेलापूर, एका बाजूचं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, आणि हे टायर ऊन-पाऊस सगळ्यात वापरून झालेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

रस्ता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोर्ट नाका, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली आणि मग ठाणे-बेलापूर रोड पकडून रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे असं खाली खाली. ट्रान्स-हार्बरची लोकल सोबतीला आणि दुसरीकडे एमआयडीसी, म्हणजे दिवसरात्र ट्रक, ट्रेलर, टँकर. फ्लायओव्हरवर मी सायकल घालत नाही, खालून जाते. आता होतं काय की ट्रकची चाकं काचा, खिळे, पत्र्याचे तुकडे सगळं उडवून कडेला ढकलतात आणि आपण सायकलवाले नेमके त्याच कडेने चालतो. काच निदान दिसते तरी. तार दिसतच नाही. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये स्टीलच्या बारीक तारा असतात, टायर फुटला की त्याची सालं रस्त्यावर पडतात, सालं कोणीतरी बाजूला करतं नाहीतर त्यांचा चुरा होतो, तारा मात्र तिथेच. केसापेक्षा जरा जाड, अर्धा-पाऊण सेंटीमीटरची ती तार टायरमध्ये घुसते, लगेच काही होत नाही, चाक फिरेल तशी आत सरकत जाते आणि मग ट्यूबला सुईच्या टोकाएवढं भोक. पंक्चरवाला ट्यूबला पॅच लावून देतो पण तार टायरमध्येच राहते, दोन किलोमीटरवर परत हवा गेली. म्हणून ज्यांच्याकडे साधे टायर आहेत त्यांनी पंक्चर काढताना टायर आतून कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यायचा, तार असेल तिथे कापूस अडकतो. नुसतं बोट फिरवू नका, रक्त निघतं.

मॅरेथॉन प्लसमध्ये ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या, खाली पाच मिलीमीटर जाडीचा लवचिक रबराचा थर आहे, कंपनी त्याला स्मार्टगार्ड म्हणते. त्यांच्याच साध्या मॅरेथॉनमध्ये ग्रीनगार्ड नावाचा थर यायचा तो तीन मिलीमीटरचा. कागदावर दोन मिलीमीटर म्हणजे काही नाही वाटतं, पण आपल्या रोडवरच्या तारेच्या लांबीचा विचार केला की कळतं हे दोन मिलीमीटर कुठे कामी येतात. रविवारी सायकल उलटी करून मी चाक हळूहळू फिरवत टायर नीट बघते. काळ्या रबरात कुठेतरी चमकणारा ठिपका दिसतो, भुवयांच्या चिमट्याने धरून ओढला की तार बाहेर येते, गंजून तपकिरी झालेली, टोकाला वाकलेली, आणि ट्यूबमधली हवा जशीच्या तशी. साध्या टायरमध्ये हीच तार विटावा-दिघा पट्ट्यात संध्याकाळी साडेसातला ट्यूबमध्ये गेली असती. एकटीने घरी जाणाऱ्या बाईला त्या जागी, त्या वेळी, ट्रकच्या हेडलाईटमध्ये चाक काढत बसावं लागणं म्हणजे काय ते मी लिहायची गरज नाही. सकाळी ऑफिसात वेळेवर पंच करायचं असतं तेव्हाही तेच, पंक्चर म्हणजे लेट मार्क. हे टायर लावल्यापासून मी घरातून निघताना पोचायची वेळ सांगू शकते, लांबच्या अंतराला यापेक्षा मोठी गोष्ट नाही माझ्या मते.

हमी मात्र कुठल्याच टायरची नसते. जाड थर फक्त ट्रेडखाली आहे, साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, नाही, आणि दोन इंची खिळा सरळ घुसला तर तो पाच मिलीमीटर पार करणारच. म्हणून स्पेअर ट्यूब, टायर काढायच्या दोन लिव्हर आणि छोटा पंप बॅगेत ठेवायचाच.

वजन हा यातला मोठा तोटा. ३७-६२२ साइजचा (या आकड्यांचा अर्थ पुढे सांगते) एक टायर नऊशे ग्रॅमच्या आसपास, आणि चाकाच्या बाहेरच्या कडेला असलेलं वजन पायाला लगेच जाणवतं. सिग्नल सुटल्यावर सायकल उचलायला वेळ लागतो, रबाळे-महापे भागात थांबत-निघत जाताना तर फारच, आणि कळवा पुलाच्या चढावर एक गिअर खाली टाकावा लागतो. एकदा वेग धरला की फरक कमी होतो, पामबीचवर तर लय लागली की टायरची आठवणही येत नाही (थंडीत नेरूळच्या बाजूला फ्लेमिंगो आलेले असले की मी मुद्दाम सानपाड्याहून पामबीच धरते, थोडं लांब पडलं तरी). एकूण प्रवासात चार-पाच मिनिटं जास्त धरा. ज्यांना स्ट्राव्हावर (सायकलिंगची नोंद ठेवणारं ॲप) वेग वाढवायचाय त्यांनी हे घेऊ नयेत, चिडचिड होईल.

बसवणं हे दुसरं दुखणं. टायर इतका ताठ आहे की शेवटचा वीतभर भाग रिमवर चढायला तयारच होत नाही. आमच्या नाक्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, "ताई, साइज चुकली बहुतेक, हा नाही बसायचा." साइज बरोबर होती. युक्ती अशी आहे की व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने सुरुवात करायची आणि व्हॉल्व्हपाशी संपवायचं, आणि चढवत असताना टायरची कड सगळीकडून रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत आणायची, त्याने शेवटी जी ढील लागते ती मिळते. कडेला साबणाचं पाणी लावा. लिव्हर प्लास्टिकची जाड घ्या, आणि शेवटच्या टप्प्यात ट्यूब लिव्हरखाली चिमटत नाही ना ते बघा. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे, तो आधी बघून घ्या, एवढी मेहनत करून परत काढायला कोणाला आवडेल!

पावसाचं वेगळं सांगते कारण खरी परीक्षा तेव्हाच आहे. ओल्या रबराला काच पटकन कापते, पाणीच वंगणासारखं काम करतं, त्यात सगळा कचरा वाहून कडेला येतो, म्हणून पावसाळ्यात पंक्चर वाढतात. त्या दिवसांत हे टायर आणखीच कामाचे. डांबरावर पकड चांगली आहे, पण झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी प्लेटा आणि पुलावरचे जोड यांच्यावर कुठलाही टायर घसरतो, तिथे हँडल सरळ ठेवून जायचं. मी पावसात हवा जरा कमी ठेवते, एरवी मागे सत्तर आणि पुढे साठ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), पावसात दोन्हीकडे दहा कमी. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की सरळ लोकल पकडायची, पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही तिथे टायर काय करणार. साइडवॉलला चमकणारी पट्टी आहे, रात्री बाजूने येणाऱ्या गाडीच्या उजेडात दोन गोल चमकतात, ते फार आवडलं मला.

साइज घेताना इंचावर जाऊ नका, मिलीमीटरमधला आकडा बघा. जुन्या टायरवर ३७-६२२ असं काहीतरी लिहिलेलं असतं, पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तो व्यास. ७००सी आणि २९ इंची दोन्ही ६२२ असतात, २७.५ इंची म्हणजे ५८४, एमटीबीची (माउंटन बाइकची) २६ इंची ५५९. घरी जुनी काळी उभी सायकल असेल, २८ बाय दीडवाली, तर तिचा व्यास ६३५ आहे, तिला हा २८ इंची म्हणून मिळणारा ६२२चा टायर लागणार नाही. आणि मडगार्ड असतील तर रुंदीला जागा आहे का तेही मोजा, हा टायर उंचीलाही जास्त भरतो.

किंमत साध्या टायरच्या कितीतरी पट आहे, ते खरंच, आणि ठाण्यात प्रत्येक दुकानात मिळत नाही, फोन करून जा. अंतर सात-आठ किलोमीटर असेल, नौपाडा ते वागळे इस्टेट वगैरे, तर साधा टायर आणि बॅगेत स्पेअर ट्यूब एवढं पुरे. ऐरोलीच्या पुढे जाणार असाल तर घ्या. दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी मागचा घ्या, वजन मागे जास्त येतं आणि पंक्चरही मागेच जास्त होतात, पुढे सध्याचाच राहू दे. ट्रेड झिजून आतला निळा थर दिसायला लागला की बदलायचा, तोपर्यंत आठवड्याला एकदा पंपाने हवा बघायची. ट्यूब शक्यतो गाडीसारख्या जाड व्हॉल्व्हची घ्या, रिमचं भोक तेवढं असेल तर, म्हणजे वाटेतल्या कुठल्याही स्कूटरवाल्या पंक्चरच्या दुकानात हवा भरून मिळते.