सायकोपीजी२ लिनक्सवर: बायनरी टाकावं की सोर्सवरून?

पायथॉनमधून पोस्टग्रेस डेटाबेसला जोडायला सायकोपीजी२ हे मॉड्यूल गेले कित्येक महिने लिनक्स सर्व्हरवर रोज वापरतोय. ते दणकट आहे, त्यात वादच नाही, पण इन्स्टॉल करतानाच दोन वाटा फुटतात, आयती तयार बायनरी घ्यायची की सोर्सवरून आपल्याच मशीनवर कंपाइल करायचं, आणि पुढचं बरंच काही त्यावरच ठरतं.

पिपने (पायथॉनची पॅकेजेस टाकायचं साधन) नुसतं सायकोपीजी२ टाकायला गेलात की बहुतेक पहिला एरर येतो तो पीजी-कॉन्फिग (पोस्टग्रेसच्या फाइल्स कुठे आहेत ते सांगणारी कमांड) सापडत नाही म्हणून. ते मॉड्यूल तुमच्याच मशीनवर कंपाइल होतं ना, त्याला लिबपीक्यूच्या, म्हणजे पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या, हेडर फाइल्स लागतात. डेबियन-उबुंटूवर जीसीसी, पायथॉन३-डेव्ह आणि लिबपीक्यू-डेव्ह टाकलं की काम झालं, अख्खा पोस्टग्रेस सर्व्हर उगाच टाकू नका.

यावर सगळे लगेच सांगतात, सायकोपीजी२-बायनरी टाक, सेकंदात होतं. होतं खरं, आणि शिकायला किंवा लॅपटॉपवर टेस्टिंगला मीही तेच सांगेन. पण त्यात लिबपीक्यू आणि ओपनएसएसएल (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी) आतच भरलेलं येतं, म्हणजे सिस्टिमला ओपनएसएसएलचा सिक्युरिटी पॅच आला तरी तुमचं मॉड्यूल आतलं जुनंच वापरत बसतं, ते वेगळं अपग्रेड करेपर्यंत. शिवाय पायथॉनचं एसएसएल एक आणि याचं दुसरं, दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये, त्यातून थ्रेड्स चालू असताना सेगफॉल्ट व्हायचे, म्हणजे प्रोग्राम मध्येच कोसळायचा, म्हणूनच तर २.७.४ पासून बायनरी वेगळ्या नावाने द्यायला लागले. प्रोडक्शनला सोर्सवरूनच घ्या, डॉक्युमेंटेशनही तेच सांगतं.

सोर्सवरून टाकलेलं इतके महिने निवांत चाललंय. लिबपीक्यूचे अपडेट आले की सर्व्हिस रीस्टार्ट करायची, बस. पायथॉन ३.११ वरून ३.१२ असं बदललं तरच परत बिल्ड करावं लागतं. आणि डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिप थेट टाकू देत नाही, तेव्हा व्हेन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथॉन) कराच, ते अडवणं योग्यच आहे.

वापरताना एक गोष्ट नक्की बघा. कनेक्शनवर विथ ब्लॉक लावला तर ब्लॉक संपल्यावर फक्त ट्रान्झॅक्शन संपतं, कनेक्शन उघडंच राहतं, क्लोज आपणच करायचं, नाहीतर पोस्टग्रेसची डीफॉल्ट १०० कनेक्शनची मर्यादा कधी भरते कळतही नाही.

नवीन प्रोजेक्ट असेल तर सरळ सायकोपीजी ३ घ्या, पिपमध्ये नाव नुसतं सायकोपीजी. तिथे विथ ब्लॉक कनेक्शनही बंद करतो. जुना कोड हलवणार असाल तर एसक्यूएलच्या इन (IN) मध्ये टपल देऊन लिहिलेल्या क्वेरी आधी शोधा, त्या तिथे चालत नाहीत, एनी (ANY) वापरून लिस्ट द्यावी लागते.