"अंगठा लागत नाही ताई, पुन्हा ठेवा"

स्वस्त टॅबच्या नावाखाली आमच्या बचत गटातल्या बारा घरांना लुटलं. लाज वाटते, तरी लिहिते. तो माणूस आता दुसऱ्या तालुक्यात असणार.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या, कापूस वेचणाऱ्या बाया. घरात एकच फोन, तोही नवऱ्यासोबत वावरात जातो. पोरीचा महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा, फॉर्म भरायचा तर तालुक्याला जा, दिवसाची मजुरी बुडवा. अशात ग्रामपंचायतीच्या सभागृहात फलक लावून कोणी म्हणालं, "भारतनेटमधून टॅब आणि वर्षभर इंटरनेट, नोंदणी १,४९९", तर खोटं कसं वाटेल? भारतनेटची, म्हणजे सरकारी इंटरनेटची, पेटी पंचायतीच्या भिंतीवर रोज दिसते. फुकट म्हणाला असता तर मीच हाकललं असतं.

मी गटाची सचिव. बाराही घरांचे १७,९८८ रुपये माझ्याच हातानं दिले. पावती कोऱ्या कागदावर, शिक्का नाही. शिक्का नसेल तर रुपया देऊ नका.

मग केवायसी. छोट्या मशीनवर तीनदा अंगठा ठेवला. बोंडं टोचून आमची बोटं झिजलेली, रेशनलाही अंगठा लागत नाही, म्हणून वावगं वाटलं नाही. पण त्यानं विचारलं, "खातं कोणत्या बँकेत?" टॅबला बँक कशाला लागते? आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात, हे मला माहीत होतं. गावात मिनी बँकवाला तसेच काढून देतो. तरी मी नाव सांगितलं. तिथंच उठायला हवं होतं. अजून रात्री तोच प्रश्न कानात येतो.

माझे ६,२०० गेले, शेजारच्या काकूंचे १०,०००. मेसेज फोनवर आला, फोन वावरात.

बँक म्हणाली, अंगठा तुमचाच, म्हणजे पैसे तुम्हीच काढले. ठाण्यात म्हणाले, हे सायबरचं, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला म्हणाले, आधी ठाण्याचा कागद आणा. ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. पंचायत म्हणते, आम्ही फक्त चावी दिली. अरे, चावी दिली म्हणूनच आम्ही विश्वास ठेवला ना! तीन खेपा, तीन दिवसांची मजुरी. आणि सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर लगेच फोन करायचा असतो, हे सांगायला एकाचंही तोंड उघडलं नाही. आम्हाला कळलं पाचव्या दिवशी.

आधारच्या सरकारी ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठ्याला कुलूप, फुकट लावता येतं. आजच करा, सासू-सासऱ्यांचंही करा. बँकेला तीन दिवसांच्या आत लेखी कळवा, पोच घ्या.

काकूंचे पैसे सोयाबीनचे होते. त्या काही बोलत नाहीत. मी दर आठवड्याला २०० देते, आतापर्यंत १,४०० झाले.