लग्न होतंच हो, पण स्कोर काय झाला?

धुळ्यात पाच कंदीलच्या मागल्या बाजूला पुस्तकं भाड्याने देणारं एक दुकान आहे. खाली थोडी तक्रार आहे, म्हणून नाव टाकत नाही. २०० रुपये डिपॉझिट, दहा दिवसांचे २० रुपये. मी रोज चाळीसगावहून गाडीने धुळ्याला नोकरीला येते. जाताना तास, येताना तास, आणि मोबाइल बघून बघून डोकं दुखायला लागलं होतं, म्हणून खातं उघडलं. चार महिन्यांत नेलं काय, तर निव्वळ स्पोर्ट्स रोमान्स, म्हणजे खेळाडूंच्या प्रेमकथा. इंग्रजीतले. माझं इंग्रजी बेताचंच आहे, पण भांडणं आणि मॅच दोन्ही समजतात.

बहुतेक पुस्तकांत आइस हॉकी असते. बाहेर मे महिन्याचं धुळं, खिडकीचा गज हाताला चटका देतोय, आणि मी २०० फूट लांब बर्फावर. पहिल्या पुस्तकात तर नियम कळेनात. मग पेनल्टी बॉक्स आला. चूक केली की खेळाडूला दोन मिनिटं बाहेर बसवतात, टीम एकाने कमी. अरेच्चा, म्हटलं, ही तर आपली कबड्डी! फरक एवढाच की तिथे समोरच्याने गोल केला की शिक्षा लवकर संपते, आपल्याकडे आपण गडी टिपला की बसलेली पोरगी जिवंत होते. मी बारावीपर्यंत लेफ्ट कॉर्नर खेळले आहे. बाद होऊन बसल्यावर मैदानाकडे बघायची जी तडफड असते ती ही पुस्तकं लिहिणाऱ्या बायांनी बरोबर लिहिलीये. नायिका काचेच्या पलीकडून बघत असते आणि नायक आत बसून नखं खात असतो. असलं पान आलं की मी शिरूड स्टेशन कधी गेलं ते बघत नाही.

लोक म्हणतात यात काय, शेवट माहीतच असतो. माहीत असतो, मान्य. रोमान्समध्ये दोघं एकत्र येणारच, तो या पुस्तकांचा कायदा आहे. पण मॅच जिंकतीलच असं नसतं ना! जीव टांगायचा तर तिथेच टांगतो. आणि मला खरी भुरळ पडली ती वेळापत्रकाची. नायिका खेळाडू असेल तर पहाटे पाचची प्रॅक्टिस, आहार, पट्ट्या, बसचा प्रवास, सगळं तपशिलात येतं, आणि प्रेमाला त्या सगळ्यातून जागा काढावी लागते. तो तिची प्रॅक्टिस संपेपर्यंत बाहेर कुडकुडत थांबतो. माझं स्थळ आलं तेव्हा पहिला प्रश्न होता, 'खेळणं बंद ना आता?' तेव्हा मी मान हलवली होती. त्यामुळे तो कुडकुडणारा मला फार आवडतो, बाकी कितीही आगाऊ असू दे.

आता खटकणारं. गुडघा! एका नायकाचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, फाटतं आणि सहा आठवड्यांत गडी फायनल खेळतो. आमच्या टीमच्या रेडरचं तेच फाटलं होतं. ऑपरेशननंतर मैदानात परतायला साधारण नऊ महिने लागतात, आणि ती तर परतलीच नाही. प्रेमाने लिगामेंट शिवलं जात नाही, बाई.

दुसरं, कव्हरवर फसू नका. पूर्वी उघड्या छातीचा फोटो असायचा, आता गोडगोड कार्टून असतं. गाडीत शेजारच्या मावशींनी विचारलं, "हाई पोरेसनं पुस्तक शे का व ताई?" मी हो म्हटलं. त्या वेळी उघडं होतं ते पान पोरांचं नव्हतं, मोठ्यांनाही गाडीत वाचायला जड जावं असं होतं. दहावीतल्या भाचीला देण्याआधी आत बघा.

दुकानाबद्दल. एका टीमवर पाच-सहा पुस्तकांची मालिका असते, दरवेळी दुसऱ्या खेळाडूचं जमतं. दुकानात ती क्रमाने कधीच नसतात. आधी चौथं वाचलं, त्यात पहिल्याचं बाळ रांगत होतं. चालायचं. पण मागच्या आठवड्यात नेलेली प्रत कुठली होती देव जाणे, कागद पिवळट, अक्षरं फिकी, आणि २७२ नंतर थेट २८९. सोळा पानांचा अख्खा फर्मा गायब. २७२ वर फायनलचा तिसरा पिरियड, बरोबरी, चार मिनिटं बाकी. २८९ वर दोघं स्वयंपाकघरात पॅनकेक करताहेत. कोण जिंकलं, पत्ता नाही. पॅनकेकवरून कळेल म्हणून दोनदा वाचलं. हसत होते, पण प्रेमात पडलेली माणसं हरूनही हसतात.

दुकानाच्या काकांना दाखवलं तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ताई, शेवटी लग्न होतंच ना?"

"लग्न होतंच हो, पण स्कोर काय झाला?"

त्यांनी भाड्याचे वीस रुपये परत दिले, हेही लिहायला हवं, आणि पुढचा गठ्ठा आला की दुसरी प्रत बघतो म्हणाले. पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला तो फर्म्याचा, एक त्या गुडघ्याचा. डिपॉझिट अजून तिथेच आहे.