कोल्हापुरात राजारामपुरीतला मास्टरिंगचा क्लास

भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं करतो मी. गाणं बाहेर जाण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरवतात ते मास्टरिंग; मला ते म्हणजे आवाज मोठा करायचा, एवढंच ठाऊक. पहिल्याच दिवशी सरांनी माझा ट्रॅक आणि मूळ मिक्स (मास्टरिंगआधीचं गाणं) एकाच पातळीवर लावून ऐकवले. लिमिटरनं, म्हणजे आवाजाची उंच टोकं दाबणाऱ्या साधनानं, पखवाजाची थाप पार चपटी केलेली! स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणतं. म्हणजे रेटून वाढवलेला आवाज तिथं खालीच येणार, थाप मात्र गेली ती गेलीच. चार वर्षं हेच करत होतो, काय सांगू.

शेजारी पिठाची गिरणी आहे. ती थांबेपर्यंत बास तपासायचा नाही. फीही जरा जास्तच. पण शिकवणं नाद खुळा! शेवटी ट्रॅक रिक्षातल्या स्पीकरवर ऐकून यायला पाठवतात, रिक्षाभाडं आपलं.